जॉर्ज थॉमस: आयर्लंडने विसरलेला हांसीचा राजा की नुसता लुटारू?

नगरी_नाना: आयर्लंडच्या इतिहासात पार्नेल, कॉलिन्स या राष्ट्रवादी पुढाऱ्यांची नावं हमखास भेटतात. टिपेरेरीतल्या रॉसक्रेचा जॉर्ज थॉमस मात्र कुणाच्या गावी नाही. इंग्रजी आरमारातला हा खलाशी १७८० नंतर मद्रासला जहाज सोडून पळाला. मेरठजवळच्या सरधन्याची जहागीर सांभाळणाऱ्या बेगम समरूकडे नाव कमावलं, १७९३ मध्ये आपल्या मराठा सरदार आप्पा खंडेरावांच्या चाकरीत शिरला, आणि आप्पा गेल्यावर हरियाणातल्या हांसीत स्वतःचंच राज्य थाटलं! स्वतःची टांकसाळ, स्वतःच्या तोफा. झज्जरजवळ जॉर्जगड बांधला, लोक त्याला जहाजगड म्हणत. डब्लिनमध्ये याचा पुतळा का नसावा?

चिकित्सक: पुतळ्याची वर्गणी आधी जयपूर-बिकानेरकरांकडे मागून बघा, खंडणी त्यांनीच भरली होती. आणि आयरिश अभिमान कसला? पंजाब जिंकून अटकेला इंग्रजांचं निशाण रोवायचा मनसुबा होता त्याचा. (अटक म्हटलं की आपले कान टवकारतातच!) पार्नेलच्या पंक्तीला याला बसवू नका.

नगरी_नाना: खंडणी तेव्हा कोण घेत नव्हतं? शिंद्यांच्या पलटणी काय माधुकरी मागत होत्या? हा निदान जखमी शिपायांना आणि मेलेल्यांच्या बायकांना अर्धा पगार द्यायचा. १७९५ मध्ये बेगमेला तिच्याच फौजेने कैद केलं, तेव्हा जुनं वैर गिळून तिला गादीवर परत बसवणाराही हाच.

रानवारा: त्या निशाणाचं एवढं काय घेऊन बसलात? त्याच्या आठवणी फ्रँकलिन या ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्याने टिपून घेतल्या, १८०३ मध्ये छापल्या. इंग्रजी बोलायची सवय इतकी मोडली होती की थॉमस म्हणाला, फारसीत सांगतो. त्या वेळी हांसी हातची गेलेली, माणूस कंपनीच्या आसऱ्याला. यजमानांच्या झेंड्याबद्दल तो दुसरं काय बोलणार? १८०२ च्या ऑगस्टमध्ये कलकत्त्याच्या वाटेवर बहरामपूरला वारलाच.

चिकित्सक: म्हणजे गैरसोयीचं ते यजमानांसाठी आणि सोयीचं ते खरं? नाना, तुमचा अर्धा पगारही त्याच पुस्तकातला आहे.

नगरी_नाना: पगार सोडा मग. १८०१ ची जॉर्जगडची लढाई तर शत्रूनेही लिहून ठेवली आहे. थॉमसवर चालून आलेल्या शिंद्यांच्या फौजेत जेम्स स्किनर हा अधिकारी स्वतः होता. थॉमसने त्यांची कशी दाणादाण उडवली ते स्किनरच्याच तोंडून वाचा. त्याला कुठे कुणाची खुशामत करायची होती?

चिकित्सक: लढवय्या होता, कबूल. डब्लिनच्या पुतळ्याला माझा रुपया मिळणार नाही.