महाकाय रोबोंचे गेम: ताकद कशी जोखायची, लोडआउट कसा जुळवायचा? सल्ला हवा

नवा_पायलट

टायटनफॉल २ ची मोहीम पूर्ण झाली, मल्टिप्लेअरही मनसोक्त खेळून झालं. पण तिथे टायटन, म्हणजे महाकाय रोबो, तयारच मिळतो. रोनिन घेतला की शॉटगन आणि तलवार, नॉर्थस्टार घेतला की रेलगन. आपल्या हातात राहतात फक्त किट, म्हणजे छोटे फेरफार. आता सुटे भाग जोडून स्वतःचा रोबो उभा करायची हौस आहे, म्हणून आर्मर्ड कोअर ६ सुरू केलं. पहिल्या चॅप्टरच्या शेवटी बाल्टियस या बॉसपाशी (शेवटच्या तगड्या शत्रूपाशी) गाडी अडली आहे.

सध्याचा बिल्ड (रोबोची जोडणी): दोन पायांचा, उजव्या हातात रायफल, डाव्या हातात बझूका, एका खांद्यावर क्षेपणास्त्रं, दुसऱ्यावर ग्रेनेड तोफ. प्रत्येक शस्त्र अटॅक पॉवरचा आकडा बघून घेतलंय. तरी बाल्टियसच्या कवचावर ओरखडासुद्धा उठत नाही.

मला विचारायचं आहे ते असं. एक, दोन रोबोंची ताकद तोलताना नेमका कुठला आकडा बघायचा? दोन, पायांचे इतके प्रकार आहेत, त्यातला कुठला कधी घ्यायचा? तीन, पुढचा गेम कुठला घेऊ, मेकवॉरियर ५ की बॅटलटेक?

चौपायी

अटॅक पॉवरच्या आधी अंतर ठरवा. मी कुणाचाही बिल्ड बघायला घेतला की पहिला प्रश्न हाच विचारतो: तुम्ही कुठून मारणार आहात? तुमची रायफल मध्यम पल्ल्याची, बझूका जवळून मारली तरच लागते, क्षेपणास्त्रं लांबून सुटतात आणि ग्रेनेड तोफ डागताना तुमचा दोन पायांचा रोबो जागच्या जागी खिळतो. कुठेही उभे राहिलात तरी चारांपैकी दोन शस्त्रं वाया जाणार. कागदावर चार शस्त्रांची बेरीज मोठी दिसते, मैदानात अर्धीच वापरली जाते.

एफसीएसकडे नवीन खेळाडू बघतच नाहीत, आणि माझ्या मते तोच सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. नेम धरायला मदत करणारा हा संगणक तीन पल्ल्यांत काम करतो: १३० मीटरच्या आत, १३० ते २६०, आणि त्यापुढे. प्रत्येक एफसीएसचा जोर वेगळ्या पल्ल्यावर असतो. जवळून लढणार असाल तर पहिला आकडा मोठा असलेला घ्या, बाकी दोन पडलेले असले तरी चालतील. शस्त्राच्या माहितीत परिणामकारक पल्ला दिलेला असतो, तोही बघा. त्याच्या बाहेरून मारलेल्या गोळ्या चिलखतावर आपटून उडून जातात, नुकसान नगण्य होतं.

दुसरा महत्त्वाचा आकडा म्हणजे इम्पॅक्ट, घावाने शत्रूचा तोल किती ढळतो तो. या गेममध्ये खरं नुकसान स्टॅगरमध्ये होतं. शत्रूच्या एसीएसवर, म्हणजे तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेवर, ताण साठत जातो, पट्टी भरली की तो गोठतो, आणि त्या थोड्या वेळात बसलेला प्रत्येक घाव जास्त लागतो. म्हणून शस्त्रांची दोन कामं वाटून घ्या: काही पट्टी भरण्यासाठी, एखादं पट्टी भरल्यावर हाणण्यासाठी. पाइल बंकर (अगदी जवळून खुपसायचा जाड खिळा) हे या दुसऱ्या कामाचं शस्त्र. चार्ज करून मारायचा तर शत्रू स्थिर हवा, आणि तो स्थिर असतो फक्त स्टॅगरमध्ये. मध्ये श्वास घ्यायला थांबलात तर साठलेला ताण उतरायला लागतो. तेव्हा एका शस्त्राचं रिलोड चालू असताना दुसरं बोललंच पाहिजे.

आता बाल्टियस. त्याच्याभोवती पल्स कवच आहे. साध्या गोळ्यांनी ते फुटतं, पण फार वेळ लागतो. पल्स शस्त्रं त्याला झपाट्याने खातात. उजव्या हातात पल्स गन घ्या, डाव्या हातात गेमने सुरुवातीलाच दिलेली पल्स तलवार. दोन्ही जवळचीच शस्त्रं, त्यामुळे अंतराचा प्रश्न सुटला. खांद्यांवर क्षेपणास्त्रं राहू द्या. कवच फुटलं की तो काही क्षण उघडा पडतो, तेव्हा तलवार. त्याने क्षेपणास्त्रांचा झोत सोडला की मागे पळू नका. असॉल्ट बूस्ट (पुढची सुसाट झेप) मारून थेट त्याच्याकडे जा, बराचसा झोत तुमच्या डोक्यावरून मागे निघून जातो.

त्याच्या अगदी आधी एक चेकपॉइंट आहे. हरल्यावर तिथूनच परत सुरू करा, तेव्हा जवळ असलेले भाग बदलता येतात, मिशन पहिल्यापासून खेळावं लागत नाही. त्यामुळे निघण्याआधी दुकानातून दोन-तीन पर्याय घेऊन ठेवा. घेतलेला भाग त्याच किमतीला परत विकता येतो, पैसे बुडायची भीती नाही. मला या गेमचं सगळ्यात जास्त आवडतं ते हेच. प्रयोग करणाऱ्याला तो दंड करत नाही.

उलटगुडघा

चौपायींच्या सल्ल्यात पायांचं राहिलं, ते मी सांगतो.

दोन पाय: सगळं थोडं थोडं जमतं. शिकायला हेच ठेवा.

उलट गुडघ्याचे पाय: उडी जबरदस्त, हवेतून हल्ला करायला उत्तम. चिलखत पातळ. माझे आवडते, कारण मोठ्या बॉसचे बरेच हल्ले जमिनीलगत येतात आणि तुम्ही तोवर वर असता.

चार पाय: हवेत तरंगत राहता येतं. दुसऱ्या चॅप्टरच्या शेवटी सी स्पायडर हा बॉस भेटेल, तेव्हा या पायांची किंमत कळेल. त्याच्या डोक्यावर तरंगत राहिलात की त्याच्या अर्ध्या हल्ल्यांची धार जाते. शिवाय जड खांदातोफा न थांबता डागता येतात.

रणगाडा पाय: वजन भरपूर लादा. बूस्टर वेगळा लावावा लागत नाही, पायांतच असतो. तोफा चालता चालता चालवता येतात. पण चटकन बाजूला सरकणं विसरा.

तुमची ग्रेनेड तोफ वाईट नाही. ती चुकीच्या पायांवर बसली आहे एवढंच.

हीटसिंक

तिसऱ्या प्रश्नासाठी मी थांबलो होतो.

मेकवॉरियर आणि बॅटलटेक दोन्ही एकाच विश्वातले, १९८४ मध्ये आलेल्या टेबलावरच्या खेळातून निघालेले. इथे रोबोचं वजन ठरलेलं असतं: २० ते ३५ टन हलके, ४० ते ५५ मध्यम, ६० ते ७५ जड, ८० ते १०० असॉल्ट. त्या टनांमध्ये इंजिन, चिलखत, शस्त्रं, दारूगोळा आणि उष्णता बाहेर टाकणारे हीट सिंक, सगळं बसवायचं. म्हणजे ताकद तोलायची ती एकेका टनात.

हंचबॅकचं उदाहरण घ्या. पन्नास टनी रोबो, उजव्या खांद्यावर पेटाऱ्यासारखा फुगवटा. टेबलावरच्या मूळ नियमांत त्याचे दोन अवतार बघण्यासारखे आहेत. ४जी मध्ये त्या फुगवट्यात एसी/२० तोफ आहे: १४ टन, वर २ टन दारूगोळा, एकूण १६. एका टनात पाचच गोळे, म्हणजे सगळे मिळून दहा. ४पी मध्ये तीच तोफ आणि दारूगोळा काढून प्रत्येकी एक टनाचे सहा मीडियम लेझर आणि दहा जादा हीट सिंक बसवले. परत १६ टन, काट्यावर काटा.

आता तोला. तोफेचा एक घाव २० चा, उष्णता ७. सहा लेझरचे मिळून ३०, उष्णता १८, आणि दारूगोळा कधी संपतच नाही. मग तोफ कोण घेईल? मी घेतो, आणि कारण असं: लेझरचे ३० गुण ५-५ करून सहा ठिकाणी विखुरतात, तोफेचे २० एकाच ठिकाणी बसतात. मूळ नियमांत डोक्याला जास्तीत जास्त ९ चिलखत आणि आत ३ सांगाडा, एकूण १२. म्हणजे तोफेचा एक गोळा डोक्यावर बसला की समोरचा शंभर टनी अॅटलससुद्धा संपला. १५ गुणांची गॉस रायफलही हे काम करते. १० गुणांची पीपीसी (कणांचा झोत सोडणारी तोफ) करत नाही, दोन गुणांनी हुकते. त्या दोन गुणांसाठी लोक गॉसचे १५ टन आनंदाने वाहतात, पीपीसी ७ टनांतच मिळत असूनही. लांब पल्ला आणि उष्णता फक्त १ हा फायदा आहेच, पण डोक्याची भीती हा मोठा भाग.

व्हिडिओ गेममध्ये नुकसानाचे आकडे वेगळे आहेत, पण टन जवळपास तसेच आणि तोलायची रीत तीच. एकूण नुकसान आणि एका जागी बसणारं नुकसान, हे दोन वेगळे हिशोब आहेत. पहिला चिलखत सोलायला, दुसरा भोक पाडायला. चांगल्या तुकडीत दोन्ही लागतात.

उष्णतेबद्दल ऑसम नावाच्या रोबोकडून शिका. ८० टन, तीन पीपीसी, २८ हीट सिंक. तिन्ही एकदम डागल्या की उष्णता ३०, थंड होते २८. राहिले दोन. उभं राहून मारलं तर पारा हळूहळू चढतो, मग एखाद्या फेरीत तीनऐवजी दोनच डागायच्या. मूळ आराखडाच किती विचारपूर्वक केलाय बघा: तो तुम्हाला मारत राहायला देतो, पण लक्ष ठेवून. नवीन लोक याच्या उलट करतात, हीट सिंक काढून चौथी तोफ बसवतात, आणि ऐन लढाईत रोबो बंद पडतो.

आता कुठला घ्यायचा. बॅटलटेक २०१८ चा, पाळीपाळीने खेळायचा, हाताशी चार रोबो. विचार करायला वेळ मिळतो, आणि चंद्रासारख्या निर्वात ग्रहावर रोबो थंड व्हायला वेळ लागतो, बर्फात लवकर होतो, असल्या गोष्टी लोडआउट ठरवताना धराव्या लागतात. मेकवॉरियर ५ मध्ये कॉकपिटमध्ये बसून स्वतः चालवायचं. तुम्हाला जुळवण्याची हौस आहे, तर बॅटलटेक. ताण न घेता शंभर वेळा उघडझाक करता येते.

उलटगुडघा

इथे माझा विरोध नोंदवतो. टायटनफॉलमधून आलेल्या माणसाला हात शिवशिवतात. त्याला पाळीची वाट बघायला लावू नका. मेकवॉरियर ५ मध्ये धड वळवून घाव वाटून घेण्याची जी कला आहे, ती लोडआउटइतकीच महत्त्वाची. तोफ डागली की लगेच धड फिरवायचं, म्हणजे पुढचा मारा दुसऱ्या खांद्यावर बसतो आणि तोफेचा खांदा शाबूत राहतो. हंचबॅकचा फुगवटा वाचवायचा तर हे यावंच लागतं, आणि ते पाळीपाळीच्या खेळात अनुभवता येत नाही.

हीटसिंक

मुद्दा मान्य, तो अनुभव बॅटलटेकमध्ये नाही. पण त्यांनी विचारलंय ते जुळवणीबद्दल. चालवायचा आनंद त्यांना आर्मर्ड कोअर देतोच आहे, दुसरा गेम पहिल्यापेक्षा वेगळा हवा.

आणि दोन्हीपैकी कुठलाही घेतलात तरी दारूगोळा तोफेजवळ धडाच्या बाजूला ठेवू नका. तिथे स्फोट झाला की बाजू जाते आणि तिला जोडलेला हातही. पायात ठेवा. पायांवर मारा कमी होतो आणि चिलखत पूर्ण ठेवायची सवय तशीही चांगली.

नवा_पायलट

सगळ्यांचे मनापासून आभार. बाल्टियस पडला. पल्स गनने कवच इतक्या भरभर उतरलं की आधी मी नेमकं काय करत होतो असं वाटलं. दुसऱ्या टप्प्यात तो आगीचे लोळ सोडायला लागला तेव्हा उंची घेऊन वाचलो.

बॅटलटेक घेतोय. एक शंका राहिली. आर्मर्ड कोअरमध्ये आता मला दोन्ही हातांत शॉटगन घेऊन अगदी अंगावर जायचंय, रोनिनसारखं. जनरेटर कसा निवडू? उडता उडता ऊर्जा संपते आणि नेमका शत्रूसमोर जमिनीवर येतो.

चौपायी

वा, अभिनंदन!

जनरेटरचे तीन आकडे बघा. आउटपुट म्हणजे एकूण किती भागांना वीज पुरते, हा अपुरा पडला तर रोबो निघतच नाही. क्षमता म्हणजे टाकी किती मोठी. आणि ऊर्जा परत भरायला लागणारा वेळ. अंगावर जाणाऱ्या बिल्डला तिसरा आकडा सगळ्यात महत्त्वाचा, कारण तुम्ही थोडं थोडं सतत खर्च करणार. आणि टाकी पूर्ण रिकामी होऊ देऊ नका. शून्यावर गेलात की परत भरायला सुरुवात व्हायलाच जास्त वेळ लागतो. ऊर्जेची पट्टी अगदी थोडी उरली की बटण सोडा, जमिनीला पाय टेकवा, पुन्हा उडा.

शॉटगनसाठी झिमरमन बघा. अपडेटमध्ये तिची ताकद कमी केली गेली, तरी जवळून ती अजून जोरदार आहे. एकदा मारली की रिलोड, म्हणून दोन्ही एकदम न मारता डावी-उजवी आलटून पालटून मारा, पट्टीवरचा ताण उतरत नाही. मधल्या रिकाम्या वेळात असॉल्ट बूस्टमधून लाथ घाला. लाथेलाही इम्पॅक्ट आहे आणि तिचं वजन शून्य.

अरेनातल्या लढती जिंकून मिळणाऱ्या चिप्स ओएस ट्युनिंगमध्ये, म्हणजे रोबोच्या कायमच्या सुधारणांमध्ये, टाका. त्यातला वेपन बे उघडला की हातातलं शस्त्र खांद्यावर अडकवता येतं. मग दोन शॉटगन हातात, आणि खांद्यावर पाइल बंकर. पट्टी भरली, शॉटगन खाली, बंकर हातात, चार्ज, घाव. हात बसायला वेळ लागेल, शस्त्र बदलायचा क्षणच आधी चुकतो. प्रशिक्षणाच्या मैदानात उभ्या लक्ष्यावर तेवढी एकच साखळी घोटा, मग मिशनला जा.

उलटगुडघा

आणि हे सगळं उलट गुडघ्याच्या पायांवर एकदा करून बघा. वरून खाली येत मारलेली शॉटगन चुकवणं फार अवघड असतं.