छोट्या गाडीच्या डिकीतला चोरकप्पा : तुमचे अनुभव

लहान हॅचबॅकच्या डिकीत जॅक, पाना, ओढायचा दोर, हवेचा पंप, प्रथमोपचाराची पेटी आणि धोक्याचा त्रिकोण एवढं ठेवलं की पिशव्यांना जागाच उरत नाही. कॅमेऱ्याची किंवा लॅपटॉपची बॅग तशीच ठेवली तर मागच्या काचेतून सरळ दिसते. आणि तरीही गाडीत न वापरलेली जागा भरपूर असते: स्टेपनीच्या रिममधली पोकळी, चाकांच्या कमानीमागचे कोपरे, डिकीचा उंबरठा आणि तळ यांच्यामधली उंची. ज्यांनी या जागांचं काही केलं असेल, स्वतः किंवा सुताराकडून, त्यांनी इथे सविस्तर लिहावं. फोटोपेक्षा मापं, साहित्य, कप्पा गाडीला कशाने धरून ठेवला आहे आणि एक पावसाळा गेल्यावर त्याची अवस्था काय आहे, हे वाचायला मला जास्त आवडेल. सुरुवात मीच करते.

माझ्या गाडीत डिकीचा उंबरठा तळापेक्षा वीतभर उंच आहे. त्या उंचीला दुसरा तळ टाकला. त्यामुळे खाली कप्पा तर मिळालाच, पण मागच्या सीटची पाठ पाडली की सगळं एका पातळीत येतं आणि जड खोकं उचलून आत ठेवण्याऐवजी नुसतं सरकवता येतं. १२ मिमी वॉटरप्रूफ प्लाय वापरला. एक चौरस मीटरला साधारण सात किलो वजन पडतं, आणि लहान डिकीचा तळ त्याहून बराच कमी असतो. एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) स्वस्त आणि गुळगुळीत मिळतो, पण तो जास्त जड असतो आणि कडेने पाणी प्यायला की फुगतो. डिकीत तो नकोच.

माप टेपने घेऊ नका. डिकीत एकही कडा सरळ नसते. पुठ्ठ्याच्या पट्ट्या कडेला टेकवून एकमेकींना चिकटवत न्यायच्या, कमानीची गोलाई कंपासने पुठ्ठ्यावर उतरवायची, आणि तो साचा डिकीत नीट बसल्यावरच प्लायवर आखायचा. चारही बाजूंनी ३ मिमी कमी कापायचं, कारण कडेवरून गालिचा वळवून खाली चिकटवायचा असतो.

खरा विचार मात्र झाकणाचा करावा लागतो. अख्खा तळ एकाच फळीचा असेल, तर वर सामान असताना खालचं काहीच काढता येत नाही. मी तीन भाग केले. उंबरठ्यालगतची अरुंद फळी पियानो बिजागरीवर, म्हणजे पूर्ण लांबीच्या अखंड बिजागरीवर उघडते. तिच्याखाली जॅक, पाना, त्रिकोण, हातमोजे, म्हणजे रस्त्यात लागणारं सगळं. मधला भाग स्थिर आहे. सीटच्या बाजूचा भाग सीटची पाठ पुढे पाडल्याशिवाय उघडतच नाही, मौल्यवान वस्तू तिथे. हे सगळं सामान बांधायच्या कड्या जिथे होत्या त्या मूळ भोकांमध्ये हाताने फिरवायच्या नॉबने आवळलंय. स्टेपनी काढायची झाली तर दोन नॉब सोडवून पूर्ण तळ बाहेर येतो. पत्र्याला एकही नवं भोक पाडलेलं नाही.

*

दुहेरी तळाइतकी उंची आमच्या गाडीत नव्हती, म्हणून मी स्टेपनीच्या रिममध्येच कप्पा केला. रिमची वाटी वरच्या बाजूला येईल असं चाक ठेवायचं आणि वाटीत बसेल असा ईव्हीए फोम (चपलेच्या तळव्यात असतो तसा घट्ट फोम) गोल कापायचा. जाड फोम मिळाला नाही तर पातळ चकत्या एकावर एक चिकटवता येतात. त्यात पाना, स्क्रूड्रायव्हर, फ्यूज, टॉर्च यांच्या आकाराचे खळगे कापले. फोम असल्यामुळे काही वाजत नाही. एकच अट: चाक धरून ठेवणारा मधला बोल्ट पूर्वीसारखाच आवळला गेला पाहिजे. म्हणून फोमच्या मधोमध बोल्टचा नॉब आरपार जाईल एवढं भोक ठेवलंय. कप्प्यासाठी तो बोल्टच काढून टाकलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. तसं चाक खड्ड्यात आपटत राहतं.

ज्यांच्या गाडीत स्टेपनीऐवजी नुसतं पंक्चर किट येतं त्यांना तो संपूर्ण खड्डा मोकळा मिळतो. पण खड्डा हा डिकीतला सगळ्यात खालचा भाग, आत शिरलेलं पाणी तिथेच साठतं. कप्पा करण्याआधी गालिच्याखाली हात फिरवून बघा. ओल लागली तर खड्ड्याच्या वरच्या पत्र्यावर टाल्कम पावडर भुरभुरवा आणि बाहेरून मागच्या दिव्यांवर, दरवाज्याच्या रबरावर पाणी सोडा. पावडरीत ओघळ उमटतो, त्यावरून पाणी कुठून येतंय ते कळतं. बहुतेक वेळा दिव्याच्या मागची गास्केट (सांधा बंद करणारी पट्टी) नाहीतर पत्र्याच्या भोकातलं रबरी ग्रोमेट निघतं. तेवढं बदलून मगच लाकूडकाम करा.

*

कमानीमागच्या कोपऱ्यांबद्दल लिहितो, कारण याविषयी फारसं कुणी सांगत नाही.

आमची गाडी घेतली तेव्हा आधीच्या मालकाने एका वर्कशॉपमधून डिकीच्या दोन्ही बाजूंना सुरेख पेट्या बसवून घेतलेल्या होत्या. काम देखणं होतं. पण दार जोरात लोटल्याशिवाय लागत नसे आणि पावसात काचांवरची वाफ जाता जात नसे. दारांची बिजागरी, कुलपं तपासली, एसीचा फिल्टर बदलला. शेवटी एका जुन्या मेकॅनिकने बाजूची पेटी काढायला लावली. तिच्यामागे पत्र्यात रबरी पडद्यांची जाळी होती. बंपरच्या आड असते ती, बाहेरून दिसत नाही. दार लावताना आतली दाबली गेलेली हवा आणि ब्लोअरने आत ढकललेली हवा तिथूनच बाहेर पडते. पेटी बसवताना मागे फोम ठासून भरला होता, हवा जायला वाटच नव्हती. पेटीच्या पाठीला आणि तळाला लांबट खाचा पाडल्या, मागे दोन बोटं अंतर ठेवलं. दार हलक्या हाताने लागायला लागलं आणि वाफही जाऊ लागली.

म्हणून बाजूचं प्लास्टिक अस्तर आधी काढून मागे काय आहे ते बघाच. दिव्यांचे बल्ब बदलायची छोटी झाकणं आणि पेट्रोलचं झाकण हाताने उघडायची दोरीसुद्धा बऱ्याच गाड्यांत तिथेच असते. हायब्रिड असेल तर मागच्या सीटजवळ बॅटरी थंड करणाऱ्या हवेची जाळी असते. ती कधीच झाकू नये.

*

वाकड्यातिकड्या कोपऱ्यासाठी फायबरग्लास. स्पीकरच्या पेट्या करणारे हेच करतात. कोपऱ्यावर मास्किंग टेप, त्यावर ॲल्युमिनियम फॉइल, मग काचतंतूंच्या मॅटचा एक थर रेझिनने, म्हणजे वाळून कडक होणाऱ्या चिकट द्रवाने. तो वाळला की कवच अलगद सुटतं. पुढचे थर गाडीबाहेर मोकळ्या हवेत द्या, कारण वास डोक्यात चढतो आणि तो गाडीच्या कापडात बरेच दिवस राहतो. वाफेसाठीचा मास्क आणि हातमोजे हवेतच. पुढचं झाकण मी निओडिमियम चुंबकांवर ठेवलंय, वर गाडीचाच गालिचा, त्यामुळे सांध्याची रेघ दिसत नाही. सामान्य प्रतीचे हे चुंबक ८० अंश सेल्सिअसपर्यंत टिकतात, डिकीला तेवढं पुरतं. ग्लू गनने मात्र काही चिकटवू नका, उन्हात बंद गाडी तापली की तो मऊ पडतो.

*

गॅसवरची गाडी आहे आमची. डिकीचा बराच भाग टाकीनेच घेतलाय. टाकी पेटीत बंद करून वर सपाट तळ करावा असं घरात ठरत होतं, पण ज्यांच्याकडून किट बसवलं त्यांनी साफ नाही सांगितलं. व्हॉल्व्हपर्यंत हात एका क्षणात पोहोचला पाहिजे, आणि गळती झाली तर गॅस बाहेर नेणारी नळी मोकळी राहिली पाहिजे. मग टाकीला हात न लावता तिच्या आणि उंबरठ्याच्या मधल्या पट्ट्यात एक अरुंद कप्पा केला. छत्र्या, चपला, पुसायची फडकी मावतात. आम्हाला पुरतो.

*

मी गाड्या दुरुस्त करतो. वर पत्र्याला भोक न पाडल्याचं वाचून बरं वाटलं. बहुतेक लहान गाड्यांत इंधनाची टाकी मागच्या सीटखाली असते आणि तिच्या नळ्या, ब्रेकच्या नळ्या, वायरिंग तळाच्या पत्र्याला खालून लागून जातं. वरून मारलेला लांब स्क्रू कुठे निघेल याचा भरवसा नाही. इलेक्ट्रिक किंवा हायब्रिडमध्ये नारिंगी वेष्टनाची केबल दिसली की तिथे काम थांबवायचं, तो उच्च दाबाचा विद्युतप्रवाह आहे. भोक पडलंच तर उघड्या पत्र्याला प्रायमर लावल्याशिवाय सोडू नका, नाहीतर गंज तिथूनच सुरू होतो.

सीटबेल्टचे बोल्ट कप्पा धरायला वापरू नका. मजबूत दिसतात म्हणून मोह होतो, पण त्यांच्यावर दुसरं काही आवळायचं नाही. लहान मुलाच्या सीटचा वरचा पट्टा अडकवायची कडीही काही हॅचबॅकमध्ये डिकीच्या तळाला किंवा सीटच्या पाठीमागे असते. नवीन तळाने ती झाकली जाणार असेल तर तिथे खाच ठेवा.

आणि कप्पा पक्का का हवा याचा हिशोब एकदा करून बघा. ताशी ५० किमी वेगाची गाडी एक दशांश सेकंदात थांबली, तर डिकीतली ५ किलोची हत्यारपेटी सुमारे ७० किलोच्या जोराने पुढे येते. चुंबक, वेल्क्रो आणि डिंक हे झाकणापुरते. ज्या कप्प्यात वजन आहे तो बोल्टनेच धरला पाहिजे, त्याच्या झाकणाला खरी कडी पाहिजे, आणि जड वस्तू सीटच्या पाठीला टेकून, तळाशी. मागच्या चाकांच्या पलीकडे, उंबरठ्यालगत फार वजन टाकलं तर पुढची चाकं हलकी होतात.

कंपन्यांचं काम बघूनही शिकायला मिळतं. होंडाच्या पहिल्या पिढीच्या जॅझमध्ये, २००१ साली, इंधनाची टाकी पुढच्या सीटखाली नेली होती, म्हणून मागे एवढी खोली मिळाली. फोर्डच्या प्युमामध्ये डिकीच्या तळाखाली ८० लिटरचा खड्डा आहे आणि त्याच्या बुडाला पाणी सोडायचं बूच. घरी केलेल्या प्लास्टिकच्या कप्प्यालाही तसं बूच ठेवता येतं.

*

थोडं कायद्याबद्दल. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात २०१२ साली झालेल्या कायद्याने, अमली पदार्थ नेण्याच्या हेतूने गाडीत छुपा कप्पा करणं हाच गुन्हा ठरवला. आपला हेतू तसा नसतो, पण तपासणीला उभं राहिल्यावर तपासणाऱ्याला ते कसं कळणार? मी माझा कप्पा विचारण्याआधीच उघडून दाखवते. कप्प्याच्या आत वस्तूंची यादी चिकटवली आहे. वीज वापरून, ठरावीक बटणं ठरावीक क्रमाने दाबून उघडणारी कुलपं मुद्दाम टाळली. चोराच्या नजरेआड राहायला साधा गालिचा पुरतो.

*

लग्नांचे फोटो काढतो, त्यामुळे डिकीत लेन्स असतात. वर सांगितलेल्या दुहेरी तळासारखंच केलंय, फक्त आत करड्या फोमची घरं. दोन गोष्टी माझ्याकडून. एक, कप्प्यात वस्तू निघतानाच ठेवाव्यात. मुक्कामाच्या ठिकाणी, पार्किंगमध्ये डिकी उघडून बॅग खाली सरकवताना कुणी बघितलं तर सगळी मेहनत वाया. दुसरी, उन्हातल्या गाडीत पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या ठेवू नका. झाकलेल्या कप्प्यात सरळ ऊन लागत नाही हे खरं, पण उष्णता तिथेही पोहोचते. पंक्चर भरायच्या दाबाच्या डब्यावरही तापमानाची मर्यादा लिहिलेली असते, ती वाचून घ्या.

खडखड ही सगळ्यांची तक्रार. फळी जिथे जिथे टेकते तिथे फेल्टची पट्टी, बिजागरीच्या पिनला थोडं ग्रीस. तरीही आवाज आला तर मागच्या सीटवर कुणाला तरी बसवा, त्याला एकेक झाकण हाताने दाबून धरायला सांगा आणि खराब रस्त्यावर सावकाश गाडी चालवा. कुठलं झाकण दाबल्यावर आवाज बंद होतो ते लगेच सापडतं.

*

एक राहिलं. बॅटरी उतरली की इलेक्ट्रिक कुलपाची डिकी बाहेरून उघडत नाही. बऱ्याच हॅचबॅकमध्ये दरवाज्याच्या आतल्या बाजूला, कुलपाजवळ एक छोटं भोक किंवा खटका असतो. मागची सीट पाडून, डिकीत सरपटत जाऊन तो दाबायचा. कप्प्याची उंची ठरवताना सीट पाडा, आत शिरा आणि त्या खटक्यापर्यंत हात पोहोचतो का ते साचा पुठ्ठ्याचा असतानाच बघून घ्या. माझ्या डिझाइनमध्ये मधली फळी त्यामुळेच चार बोटं खाली आली.