हिज्कीयाची 15 वर्षे आणि शेजारची खाट

रविवारची_घंटा

आईची बायपास झाली. आता बरी आहे. अंगणात फेऱ्या मारते आणि आमटीत मीठ कमी पडलं म्हणून भांडते. गेल्या आठवड्यात घरी उपकारस्तुतीची प्रार्थना ठेवली होती. उपदेशकांनी वचन काढलं बायबलातलं 2 राजे, अध्याय 20.

ज्यांना गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. राजा हिज्कीया मरणाला टेकला होता. यशया संदेष्टा आला आणि म्हणाला, घराची निरवानिरव कर, तू यातून उठणार नाहीस. राजाने भिंतीकडे तोंड फिरवलं, प्रार्थना केली, ढसाढसा रडला. यशया मधल्या चौकातून बाहेरही पडला नव्हता, तोच देवाने त्याला परत फिरवलं. तुझे अश्रू पाहिले, आणखी 15 वर्षे देतो. उपदेशाचा सारांश असा: हिज्कीयासारखं रडा, देव ऐकतो. सगळे आमेन म्हणाले. मीही म्हणाले.

पण आयसीयूत आईच्या शेजारच्या खाटेवर एक बाई होत्या. त्यांची मुलगी बाहेरच्या बाकड्यावर बसून स्तोत्र 91 पुटपुटत असायची. त्या बाईही भिंतीकडेच तोंड करून रडत होत्या, मी पाहिलंय. चौथ्या दिवशी सकाळी गेले तर मावशी त्या खाटेवर नवी चादर घालत होती.

पाहुणे गेल्यावर मी तोच अध्याय पुढे वाचला. राजा बरा झाल्याचं कळल्यावर बाबेलहून (म्हणजे बॅबिलोनहून) दूत भेटी घेऊन आले. याने त्यांना सोनं, चांदी, सुगंधी द्रव्यं, उंची तेल, शस्त्रागार, सगळं फिरून फिरून दाखवलं. यशयाने विचारलं, काय काय पाहिलं त्यांनी? हा म्हणतो, दाखवलं नाही असं काही ठेवलंच नाही. यशया म्हणाला, एक दिवस हे सगळं बाबेलला जाईल आणि तुझ्याच वंशातली मुलं तिथल्या राजवाड्यात खोजे होतील. त्यावर राजाचं उत्तर काय? वचन चांगलं आहे, माझ्या हयातीत तर शांती राहील ना!

याला आपल्याकडे आप मेला जग बुडाला म्हणतात. स्वतःच्या मरणाची बातमी आली तेव्हा भिंत ओली केली. पोराबाळांची आली तेव्हा डोळ्याला टिपूस नाही. त्यात त्याचा मुलगा मनश्शे गादीवर आला तो 12 वर्षांचा असताना. म्हणजे हिशेबाने तो या वाढीव 15 वर्षांतलाच, आणि त्याने 55 वर्षे राज्य करून बापाचं सगळं केलंसवरलं धुळीला मिळवलं.

माझं म्हणणं एवढंच: प्रार्थना ऐकली गेली म्हणून माणूस शहाणा होतोच असं नाही. हिज्कीयाच्या आयुष्यातला हा धडा मंडळीत कोणी देत नाही, सगळे 15 वर्षांवर येऊन थांबतात. पटत नसेल तर बोला.

जुनी_मंडळी

ताई, आईसाहेब बऱ्या झाल्या, देवाची स्तुती असो. बाकी तुमच्याशी असहमत.

एका वाक्यावरून तुम्ही अख्ख्या राजाचा निकाल लावलात. त्याच पुस्तकात दोन अध्याय आधी लिहिले आहे की यहूदाच्या राजांमध्ये त्याच्यासारखा ना आधी झाला ना नंतर. त्याने काय केले ते तरी सांगायचे. मोशेने अरण्यात केलेला पितळी साप लोक शेकडो वर्षे जपून होते आणि त्यापुढे धूप जाळत होते. साप मोशेच्या हातचा आणि देवाच्याच आज्ञेने केलेला. हिज्कीयाने त्याचे तुकडे केले. ‘नहुश्तान’ हे त्याचे नाव, म्हणजे नुसते पितळ. आमच्या मंदिरातला एक वाळवी लागलेला बाक हलवायचा तर तीन मीटिंगा लागतात, कारण तो कोणाच्या तरी आजोबांनी दिलेला असतो. पंचविशीत गादीवर आलेला पोरगा मोशेची वस्तू फोडतो, याला काळीज लागते.

आणि ‘वचन चांगले आहे’ यात तुम्हाला स्वार्थ दिसतो, मला शरणागती दिसते. एली याजकाला घराण्याचा नाश सांगितला तेव्हा तोही म्हणाला, तो परमेश्वर आहे, त्याला बरे वाटेल ते तो करो.

मनश्शेचा मुद्दा तर नेहमीचाच. मत्तयाचा पहिला अध्याय उघडा. हिज्कीया, मनश्शे, आमोन, योशीया. मनश्शे नसता तर योशीया नाही, आणि पुढची वंशावळही नाही. देवाचा हिशेब आपल्या पाटीवर मावत नाही.

रविवारची_घंटा

काका, एलीचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. पोरांना वेळीच आवरलं नाही म्हणूनच तर त्याच्यावर ती पाळी आली होती! नहुश्तानचं मात्र मान्य. तो भाग मी घाईत सोडला.

मोडीवाला

मी श्रद्धाळू नाही, इतिहासाचा किडा आहे. आधी एक खुलासा, कोणीतरी विचारणारच: हिज्कीया दक्षिणेच्या यहूदाचा राजा. उत्तरेचं इस्राएल राज्य अश्शूरने (असिरियाने) इ. स. पू. 722 च्या सुमारास संपवलं होतं, आणि ते याच्या डोळ्यांसमोर होतं.

आता धागाकर्तीच्या मांडणीतली मोठी अडचण. तुम्ही ग्रंथातल्या अध्यायांचाच क्रम धरलाय: देवाने अश्शूरच्या वेढ्यातून वाचवलं, मग आजार, मग दूत, मग घमेंड. पण त्याच ग्रंथातले आकडे घ्या. राज्य एकूण 29 वर्षे. वाढीव 15 वजा करा, उरले 14. आणि अश्शूरचा सन्हेरीब चालून आला तोही चौदाव्याच वर्षी, असं ग्रंथच सांगतो. शिवाय आजारात यशया म्हणतो, तुला आणि या नगराला अश्शूरच्या हातून सोडवीन. म्हणजे सुटका अजून व्हायची आहे. आणि भांडार भरलेलं आहे, जे खंडणी दिल्यावर असणं शक्य नाही. तेव्हा दूत आले ते वेढ्याच्या आधी.

दूत पाठवणारा मरोदख-बलदान हा अश्शूरविरुद्ध पुन्हा पुन्हा उठणारा बंडखोर. तो काय तब्येतीची चौकशी करायला माणसं पाठवणार? हिज्कीया पाहुण्यांना शोकेस दाखवत नव्हता, युतीत आपलं वजन किती ते दाखवत होता. घमेंड कमी, राजकारण जास्त.

ते राजकारण अंगाशी आलं. इ. स. पू. 701. सन्हेरीबने स्वतःचा पराक्रम मातीच्या षट्कोनी स्तंभांवर कोरून ठेवलाय, त्यातला एक लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. यहूदाची 46 तटबंदीची गावं घेतली, 2,00,150 माणसं बाहेर काढली, हिज्कीयाला यरुशलेमात पिंजऱ्यातल्या पक्ष्यासारखा कोंडला, असं तो म्हणतो. यरुशलेम जिंकलं असं मात्र म्हणत नाही, हेही खरं. खंडणीत सोनं 30 किक्कार (तेव्हाचं वजनाचं माप), यावर बायबल आणि अश्शूर दोघांचं एकमत. चांदी बायबलात 300, त्याच्याकडे 800. ती द्यायला हिज्कीयाने मंदिराच्या दारांवरचं सोनं सोलून काढलं, जे त्यानेच मढवलं होतं.

आणि लाखीश, यहूदाचंच एक नगर. ते पडलं त्याची चित्रं निनवेच्या राजवाड्यात दगडात कोरलेली होती, आता तीही लंडनला आहेत. सुळावर दिलेली माणसं. बैलगाडीवर बोचकी आणि त्यावर बसलेली बायकापोरं. बायबलात एका रात्रीत 1,85,000 अश्शूरी मेले आणि यरुशलेम सुटलं, तुम्ही लोक त्यावर उपदेश करता. लाखीशमध्ये कोणी भिंतीकडे तोंड करून रडलं नसेल का?

रविवारची_घंटा

हे वाचून गप्प बसले थोडा वेळ. क्रमाचं मान्य करावं लागेल. म्हणजे ‘वाचला आणि माजला’ हा माझा सूर मागे. पण मग गोष्ट जास्तच टोचते. पाहुण्यांना ज्या भांडारातून फिरवलं, तेच पुढे दारांच्या पत्र्यासकट अश्शूरच्या घशात गेलं.

आणि हो, लाखीश म्हणजे शेजारची खाट. मला हे सुचायला हवं होतं.

दुसरी_पाळी

नर्स आहे, 19 वर्षे. एवढं सगळं बोललात पण अंजिराचं कोणीच काढलं नाही! देवाने 15 वर्षे दिली आणि यशया काय म्हणाला? अंजिरांची चांदकी, म्हणजे थापलेला गोळा, आणा. ती गळवावर बांधली आणि राजा बरा झाला. संदेष्ट्याने स्वतः पोटीस सांगितलं. आमच्याकडे एक काका ‘आता प्रार्थना झाली, गोळ्या नकोत’ म्हणून हटून बसले होते. त्यांना मी हीच ओवी मोबाईलवर काढून दाखवली. कुरकुरत का होईना, घेतल्या.

ताई, तुमचं एक पटलं नाही. मरणाच्या दारातून परत आलेल्या माणसाला पुढच्या पिढीचं काय ते विचारू नका. त्याला आधी आजचा दिवस दिसतो. डिस्चार्जच्या दिवशी पेशंट काय करतात ठाऊक आहे? येईल त्याला टाके दाखवतात, फाईल उघडून दाखवतात, बिलाचा आकडा दोनदा सांगतात. हिज्कीयाने भांडार दाखवलं, आमचे लोक फाईल दाखवतात. मला तर तो राजा तिथे फार ओळखीचा वाटतो. मोडीवाल्यांचं राजकारण असेलही, पण माणूस खुशीत होता हो.

खाटेचं म्हणाल तर दोन्ही खाटांवरचं रडणं सारखंच असतं, मी रोज ऐकते. फरक इतकाच की वाचलेल्याच्या घरी उपदेश होतो.

जुनी_मंडळी

शेवटची ओळ लागली. पण सिस्टर, मग उपकारस्तुती करूच नये का?

दुसरी_पाळी

करा की. नियम नका बनवू, एवढंच.

रेवदंडा_ते_अश्दोद

शालोम आणि नमस्कार. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, शनवार तेली. आजोबा रेवदंड्याकडचे, मी इस्राएलमधल्या अश्दोदला वाढलो, मराठी आजीकडून आली. चुकलं तर सांभाळून घ्या.

मनश्शेवर तुमचा वाद चाललाय तो आमच्या तल्मूदमध्ये (जुन्या पंडितांच्या चर्चांचा ग्रंथ), बराखोत या भागात, आधीच झालाय. तिथे यशया म्हणतो, तू मरणार कारण तू मुलं होऊ दिली नाहीस. हिज्कीया म्हणतो, मला पवित्र आत्म्याने दाखवलं की माझी मुलं नीट निघणार नाहीत, म्हणून. यशया म्हणतो, देवाच्या गुपितांशी तुला काय करायचंय? तुला सांगितलंय ते तू कर. म्हणजे पोर वाईट निघेल हे ठाऊक असूनही बाप व्हायचं. मग यशया म्हणतो, आता उशीर झाला, शिक्षा ठरली. तेव्हा राजा चिडून म्हणतो, तुझं भाकीत आटप आणि चालू लाग. गळ्यावर धारदार तलवार टेकली असली तरी माणसाने दयेची आशा सोडू नये, असं माझ्या पूर्वजांच्या घरात शिकवलंय. त्याचा पूर्वज म्हणजे दावीद राजा. मला हा हिज्कीया आवडतो, संदेष्ट्याशी भांडणारा.

आमचे जुने पंडित मात्र त्याचं सगळंच डोक्यावर घेत नाहीत. त्यांनी यादी केलीय: त्याने सहा गोष्टी केल्या, तीन ऋषींनी मान्य केल्या, तीन नाही. साप फोडला, मान्य. मंदिराची दारं कापून अश्शूरला पाठवली, अमान्य. गीहोनचं पाणी अडवलं, अमान्य.

त्या पाण्याच्या बोगद्यातून मी दोनदा गेलोय. यरुशलेममध्ये गीहोन झऱ्यापासून शिलोहच्या तळ्यापर्यंत 533 मीटर. आत दिवा नाही, आपली बॅटरी न्यायची. सुरुवातीला पाणी मांडीपर्यंत, बर्फासारखं, पुढे घोट्यापर्यंत. काही ठिकाणी मान वाकवून चालावं लागतं. भिंतीवर छिन्नीचे घाव हाताला लागतात. दोन टोळ्या दोन्ही बाजूंनी खणत आल्या, आणि मधोमध वळणं गोंधळलेली आहेत, इकडे थोडं खणलं, सोडलं, तिकडे वळले. 1880 मध्ये आत एक शिलालेख सापडला, तो आता इस्तंबूलला आहे. त्यात लिहिलंय की तीन हात दगड उरला असताना पलीकडून हाक मारणाऱ्या माणसाचा आवाज ऐकू आला, मग कुऱ्हाडीला कुऱ्हाड भिडली आणि पाणी वाहिलं.

त्यात राजाचं नाव नाही, देवाचंही नाही. आहे ते खणणाऱ्यांचं काम.

आणि यशयाच्याच पुस्तकात, बाविसाव्या अध्यायात, तो यरुशलेमच्या लोकांवर ओरडतो: तट मजबूत करायला घरं पाडलीत, दोन भिंतींमध्ये पाण्याचं कुंड केलंत, पण ज्याने हे घडवलं त्याच्याकडे पाहिलं नाहीत.

मोडीवाला

शिलालेखाला +1. राजाचं नाव नसल्यामुळेच बोगदा नक्की हिज्कीयाचा का, यावर अभ्यासकांत वाद होत आलाय. गिलाव्यातल्या काडीकचऱ्याचं कार्बन वय काढलं ते साधारण त्याच काळात बसतं. माझ्यापुरता तो त्याचाच.

पण यशया अन्याय करतोय असं माझं मत. वेढा पडणार असताना शहराचं पाणी आत घेणं हीच राजाची प्रार्थना.

जुनी_मंडळी

प्रार्थना ती प्रार्थना आणि खोदकाम ते खोदकाम. सन्हेरीबच्या माणसांकरवी धमकीचे पत्र आले तेव्हा हिज्कीयाने ते मंदिरात नेऊन परमेश्वरापुढे पसरले. बोगदा होताच ना तेव्हा? तरी नेले. पत्र पसरणारा हिज्कीया मला पुरे. बाकी चर्चा तुमची चालू द्या, माझे मत बदललेले नाही.

ताई, एक विचारायचे होते. त्या शेजारच्या खाटेवरच्या बाई. त्यांच्या मुलीचा नंबर आहे का कोणाकडे? आमच्या महिला मंडळातल्या दोघी जाऊन येतील. उपदेश करणार नाहीत, हे मी सांगेन.

रविवारची_घंटा

माझ्याकडे नाही. आईला विचारलं. आहे म्हणाली. दोघींच्या घरच्यांची डब्यांची अदलाबदल व्हायची म्हणे, आणि त्यांचा एक स्टीलचा डबा अजून आमच्याच फडताळात आहे.