बाळाला डाऊन सिंड्रोम असू शकतो म्हणाले, तुम्हाला कसं कळलं होतं?

नवी_आई_नागपूर: मागच्या आठवड्यात मुलगी झाली. डॉक्टरांनी डोळे, मान, तळहातावरची एकच आडवी रेघ बघितली आणि नवऱ्याला बाहेर नेऊन सांगितलं, मला नाही. तो पेढे न घेताच परत आला तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला. कॅरियोटाइपचा, म्हणजे रक्तातून क्रोमोसोम (गुणसूत्रं) तपासतात त्याचा, रिपोर्ट यायचाय. सासूबाई म्हणून राहिल्या ग्रहणात बाहेर निघाली होतीस ना. बारसं करायचं की नाही यावर कुजबुज चालू आहे, आणि पोरगी दोन घोट घेते नि झोपून जाते. तुम्ही काय केलं?

मानेवाड्याची_मम्मी: आधी बारसं कर बाई. ग्रहणाचं काहून ऐकतेस, 21 नंबरचे क्रोमोसोम दोनाऐवजी तीन येतात, बहुतेकांत ते गर्भ राहतानाच ठरलेलं असतं, तू कुठे गेलीस काय खाल्लंस याचा काडीचा संबंध नाही. रिपोर्टसाठी थांबू नको, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घे, जवळपास निम्म्या बाळांच्या हृदयात काहीतरी निघतं आणि वरून कळतही नाही. आमच्या पोट्ट्याला छिद्र होतं, ऑपरेशन झालं, आता सायकल मागून राहिला. थायरॉइड आणि कानाची टेस्ट पण विचार.

सक्करदरा_आई: स्नायू ढिले असतात म्हणून ओढता येत नाही, आळशी नाही ती. पाजताना हनुवटीखाली बोटाचा आधार दे, तळवे चोळून जागी ठेव, नाहीच जमलं तर काढून वाटी-चमच्याने. पिताना घाम फुटला, धाप लागली, ओठ निळे दिसले तर डॉक्टरला लगेच सांग.

रेवाची_आई: मी खूप रडले होते, आणि "देवाने खास तुलाच दिलं" म्हणणाऱ्यांचा तर भयंकर राग यायचा, अजूनही येतो. तुलाही रडायचं तर रड. रिपोर्टात ट्रान्सलोकेशन आलं, म्हणजे जास्तीचा 21 नंबर दुसऱ्या क्रोमोसोमला चिकटलेला निघाला, तर आईबाप दोघांचीही टेस्ट सांगतात, पुढच्या बाळाच्या दृष्टीने. पण 95 टक्के केसेस साध्या ट्रायसोमीच्या, म्हणजे सुट्या तिसऱ्या क्रोमोसोमच्या असतात. फिजिओ लवकर सुरू कर, डीईआयसीत (लहान मुलांवर लवकर उपचार करणारं सरकारी केंद्र) फुकट असते, सरकारी दवाखान्यात चौकशी कर.

नवी_आई_नागपूर: इकोचं उद्या विचारते. घाम तर येतो तिला पिताना, मला वाटलं गर्मीनं.

सक्करदरा_आई: कूलर चालू असताना पण येतो का? मग उद्या नको बाप्पा, आत्ताच फोन लाव.