कव्हरेज ९६ टक्के, पण कशाचे?

मोजपट्टी यांचा प्रश्न:

नमस्कार. जर्मन महामार्गांसाठी तयार होत असलेल्या, गाडी आपोआप लेनमध्ये राखणाऱ्या प्रणालीच्या सिम्युलेशन चाचण्या आमचा पुण्यातील गट करतो. मान्यता संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक १५७ खाली घ्यायची आहे. शेजारच्या लेनमधली गाडी आपल्या पुढ्यात शिरते त्या कट-इन प्रसंगासाठी आम्ही चार पॅरामीटर धरले: आपला वेग, दोन गाड्यांच्या वेगांतला फरक, समोरच्या गाडीचा आडवा सरकण्याचा वेग आणि ती लेनमध्ये शिरताना उरलेला टीटीसी, म्हणजे दोघींचे वेग तसेच राहिले तर टक्कर व्हायला लागणारे सेकंद. आपल्या वेगाच्या पाच किमती, फरकाच्या पाच (ताशी १० ते ५० किमी), आडव्या वेगाच्या चार आणि टीटीसीच्या १ ते ६ सेकंद अशा सहा, मिळून ६०० टेस्ट केस झाल्या. त्यांपैकी ५७६ पूर्ण झाल्या. उरलेल्या सिम्युलेटर मध्येच बंद पडल्यामुळे राहिल्या. टकरी फक्त १ सेकंदाच्या रकान्यात झाल्या आणि त्या आम्ही ‘अटळ’ म्हणून वगळल्या. अहवालात ‘सिनॅरिओ कव्हरेज ९६ टक्के’ असे लिहिले. आढावा बैठकीत ग्राहकाकडच्या एका बाईंनी शांतपणे विचारले, “९६ टक्के कशाचे?” मला उत्तर देता आले नाही. हा आकडा नेमका कसा काढावा आणि कोणत्या शब्दांत मांडावा?

घाटवळण:

तुमचा आकडा ‘ठरवलेल्या कामापैकी झालेले काम’ एवढेच सांगतो. छेद तुम्हीच ठरवला आहे, त्यामुळे उद्या टीटीसीच्या तीनच किमती घेतल्या तर निम्म्या कष्टांत शंभर टक्के कव्हरेज मिळेल.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे १ सेकंदाचा तो रकाना पुन्हा उघडा. नियमानुसार, शिरणाऱ्या गाडीची आडवी हालचाल किमान ०.७२ सेकंद आधीपासून दिसत असेल आणि टीटीसी एका मर्यादेपेक्षा जास्त असेल, तर टक्कर टाळणे प्रणालीवर बंधनकारक आहे. ही मर्यादा काढायची तर वेगांतला फरक मीटर प्रति सेकंदात घेऊन त्याला १२ ने भागायचे आणि त्यात ०.३५ मिळवायचे. फरक ताशी ३६ किमी, म्हणजे सेकंदाला १० मीटर असेल, तर मर्यादा १.१८ सेकंद येते. तुमच्या टीटीसीच्या किमतींच्या जाळीत १ नंतर थेट २ आहे. म्हणजे एक ठिपका सुटीच्या बाजूला, दुसरा अगदी सोप्या जागी आणि खरी कसोटीची रेघ दोहोंच्या मधून कोरडी निघून गेली. उलट फरक ताशी २८ किमीपेक्षा कमी असेल, तर मर्यादाच १ सेकंदाच्या खाली जाते. तिथल्या टकरी ‘अटळ’ कशा ठरल्या? १० आणि २० किमीच्या ओळी आधी तपासा. माझ्या मते सारख्या अंतराची जाळी फक्त पहिल्या फेरीपुरती ठेवावी आणि त्यानंतरचा सगळा वेळ पास-नापासची सीमा जिथे आहे तिथे बारीक पावले टाकण्यात घालवावा.

लंबक:

घाटवळण यांच्याशी सहमत आहे, परंतु ग्राहकाचा प्रश्न बहुधा रस्त्याबद्दलचा असावा. नुसते किलोमीटर मोजून त्याचे उत्तर मिळत नाही. रँड या अमेरिकी संशोधन संस्थेने २०१६ मध्ये मांडलेले गणित प्रसिद्धच आहे: अमेरिकेतला मृत्युदर १० कोटी मैलांमागे १.०९ धरला, तर स्वयंचलित गाडी त्याहून वाईट नाही हे ९५ टक्के खात्रीने दाखवण्यासाठी एकही मृत्यू न होता साडेसत्तावीस कोटी मैल चालावे लागेल. ताशी २५ मैलांनी रात्रंदिवस धावणाऱ्या १०० गाड्यांना त्यासाठी साडेबारा वर्षे लागतात, आणि सॉफ्टवेअर बदलले की हिशोब पुन्हा पहिल्यापासून.

तुमच्याकडे रस्त्यावरच्या नोंदी असतील, तर दुसऱ्या महायुद्धात सांकेतिक संदेश फोडताना ॲलन ट्युरिंग आणि जॅक गुड या गणितज्ञांना सुचलेली युक्ती वापरून पाहा. समजा २,००० कट-इन प्रसंगांचे प्रकार पाडले आणि त्यांत १४ प्रकार असे निघाले की जे एकेकदाच दिसले. मग पुढचा प्रसंग आजवर न पाहिलेल्या प्रकारचा असण्याची शक्यता सुमारे १४ भागिले २,०००, म्हणजे ०.७ टक्के. हा अंदाज प्रकार किती बारीक पाडले यावर अवलंबून असतो, म्हणून ती व्याख्या आकड्याशेजारीच छापावी. उन्हाळ्यातल्या नोंदींवरून डिसेंबरच्या धुक्याबद्दल मात्र काही बोलू नये.

आडवी गल्ली:

एक भर घालतो. स्वयंचलित गाड्यांच्या चाचण्यांसाठीच्या जर्मनीच्या पेगासस प्रकल्पातील सहा थरांची मांडणी समोर ठेवा: रस्ता, रस्त्याकडेच्या वस्तू, तात्पुरते बदल, हलणारे घटक, हवामान-प्रकाश आणि डिजिटल माहिती. तुमचे चारही पॅरामीटर चौथ्या थरातले आहेत. ओला रस्ता, मावळतीचे ऊन, कामामुळे पिवळ्या रंगाने नव्याने आखलेली लेन यांना तुमच्या ६०० केसेसमध्ये जागाच नाही. सगळे एकदम जोडायला घेतले तर संख्या आवरत नाही. त्यासाठी निदान प्रत्येक दोन घटकांची प्रत्येक जोडी एकदा तरी येईल एवढे पाहावे. तीन-तीन किमतींच्या चार घटकांची ८१ जुळण्यांची यादी त्या पद्धतीने ९ केसेसवर येते. अर्थात तिघांच्या संगनमताने होणारा घोटाळा तिला सापडेलच असे नाही.

आणि अमेरिकेतल्या टेंपी शहरातला अपघात विसरू नका. मार्च २०१८ मध्ये उबरच्या स्वयंचलित चाचणी-गाडीच्या रडारला सायकल ढकलत रस्ता ओलांडणारी स्त्री धडकेच्या ५.६ सेकंद आधी दिसली होती. प्रणाली तिला कधी वाहन, कधी सायकल, कधी अनोळखी वस्तू मानत राहिली. झेब्रा क्रॉसिंगबाहेरून कोणी पायी रस्ता ओलांडेल हे त्या रचनेत गृहीतच धरलेले नव्हते, असे अमेरिकेच्या वाहतूक-सुरक्षा मंडळाच्या चौकशीत निष्पन्न झाले. जाळी कितीही बारीक केली तरी जो रकाना आखलेलाच नाही तो रिकामा आहे हे तिच्यावरून कळत नाही.

मोजपट्टी:

सर्वांचे आभार. काल १० आणि २० किमीच्या ओळी पुन्हा काढल्या. २० च्या ओळीत ११ टकरी सापडल्या; त्यांपैकी चारमध्ये आडवी हालचाल ०.७२ सेकंदांपेक्षा कमी वेळ दिसत होती, म्हणून त्या वगळणे योग्य ठरते. उरलेल्या सात मात्र सरळसरळ नापास आहेत आणि आम्ही त्या ‘अटळ’च्या खाली झाकल्या होत्या. सुधारित अहवालात ९६ चा आकडा काढून टाकून त्या सात केसेस पहिल्याच पानावर देणार आहे. लंबक, प्रकार पाडताना आडव्या वेगाचे टप्पे तुम्ही कसे ठरवता, ते सवडीने कळवाल का?