[मंडळ-यादी] उत्तर: नवीन विद्यार्थ्यांचं पत्रक, पान २

शुभदा, मंगळवार रात्री ९:१०

सर्वांना नमस्कार,

आपल्या म्युनिकच्या मराठी मंडळाचं पत्रक उद्या दुपारी छापायला टाकतेय. पान २ वरचा टीयूएमचा (टेक्निकल युनिव्हर्सिटी ऑफ म्युनिक) मजकूर तेवढा नजरेखालून घाला: नानांचा इतिहास, ओंकारने लिहिलेलं राहण्याबद्दलचं आणि खाली 'खर्च' हा चौकोन. चौकोन जुन्या फाइलमधून जसाच्या तसा घेतलाय. जागा इंचभरही उरलेली नाही. काही घालायचं असेल तर काय काढायचं तेही सांगा, नुसत्या सूचना नकोत. वड्यांची ऑर्डर मागच्या वेळेइतकीच.

शुभदा

मकरंद, रात्री ९:३४

शुभदा, चौकोनातली पहिलीच ओळ छापू नकोस. "फी नाही, सेमिस्टरला शंभरेक युरो भरले की झालं" हे टीयूएमपुरतं कधीच संपलं. २०२४-२५ च्या हिवाळी सेमिस्टरपासून युरोपीय संघाबाहेरून नव्याने येणाऱ्यांना फी आहे. बॅचलरला सेमिस्टरला २,००० किंवा ३,००० युरो, मास्टर्सला बहुतेक ठिकाणी ४,००० किंवा ६,०००, जसा कोर्स तसा. आपल्याकडे येणारी पोरं मुख्यतः मास्टर्सची. चार सेमिस्टर धर, सहाने गुण, २४,००० झाले. आणि मंडळाच्या नावाखाली आपण शंभर सांगतोय.

शुभदा, रात्री ९:४१

अरे, पत्रक वाटायचं ते इथे येऊन पोचलेल्यांना. ती फी भरूनच आलीत, त्यांना आपण काय सांगणार? ओळ उडवते. झालं?

मकरंद, रात्री ९:५८

नाही झालं. छापील पत्रक हॉलमध्ये वाटतो, पण पीडीएफ पुण्यात, नाशकात, सांगलीत फिरतं. मागच्या उन्हाळ्यात मला एका गृहस्थांचा फोन आला. मुलाला टीयूएमचं पत्र आलेलं, आणि एजंटने "जर्मनीत शिक्षण फुकट" म्हणून समजूत घातलेली. पुरावा काय दाखवला? आपलं पत्रक! त्यांनी व्हिसासाठीच्या ब्लॉक्ड अकाउंटचे (वर्षाच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं) ११,९०४ युरो कसेबसे उभे केले होते आणि फीचे वेगळे लागतील हे त्यांच्या गावीही नव्हतं. ओळ उडवलीस तर जुनी पीडीएफच खरी धरली जाईल. आकडे घालायलाच हवेत.

हेही घाल की ही फी अख्ख्या जर्मनीत नाही. आखेन, बर्लिनला अजून नाही. शेजारी बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये (श्टुटगार्ट, कार्ल्सरूह) २०१७ पासून सेमिस्टरला १,५०० आहे.

प्राजक्ता, रात्री १०:१२

अख्खी जर्मनी कशाला फिरताय, याच गावात एलएमयू (लुडविग-माक्सिमिलियन विद्यापीठ) आहे आणि तिथे ही फी नाही. दरवर्षी पान २ म्हणजे टीयूएम आणि एलएमयू शेवटच्या पानावर "इतर संस्था"मध्ये! १४७२ साली इंगोलश्टाटला निघालेलं, मग लांड्सहूट, १८२६ पासून म्युनिकमध्ये. एक्स-रे वाला रोएंटगेन वीस वर्षं इथे प्राध्यापक होता. भौतिकशास्त्राला येणारी मराठी मुलं थोडी असतील, पण आहेत. आणि हो, संस्कृतवालेसुद्धा आहेत. सगळेच काही रोबोटिक्सला येत नाहीत.

नाना, रात्री ११:०५

इतिहासाच्या ओळी मी लिहिल्या आहेत. त्यातून रूडोल्फ डिझेल (इंजिनवाला) काढायचा नाही, हे आधी सांगून ठेवतो. गेल्या वेळी जागेअभावी काढला होता आणि नकाशा मात्र दोनदा छापला होता.

प्राजक्ता, एलएमयू जुनं आहे हे कोणीच नाकारत नाही. पण म्युनिकला कारखाने उभे करणारी माणसं हवी होती, ती जुन्या विद्यापीठातून येईनात. म्हणून १८६८ मध्ये लुडविग दुसरा याने पॉलिटेक्निक काढलं, तेच आजचं टीयूएम. हाच तो नॉयश्वानस्टाइनवाला राजा. किल्ल्याचा पाया पुढच्या वर्षी घातला. आपले पाहुणे भारतातून आले की किल्ला बघून येतात, आल्टे पिनाकोथेक या चित्रसंग्रहालयासमोरच्या पॉलिटेक्निकच्या इमारतीकडे कोणी मान वळवून बघत नाही. माझ्या मते राजाचं शहाणपणाचं काम ते होतं.

तिथे कार्ल फॉन लिंडे शिकवायचा. त्याचं शीतयंत्र पहिल्यांदा चाललं ते इथल्याच श्पाटेन ब्रुअरीत. त्याचा विद्यार्थी रूडोल्फ डिझेल. १८७९ ची परीक्षा विषमज्वराने हुकली, १८८० च्या जानेवारीत दिली आणि घसघशीत गुणांनी सुटला. एक सेमिस्टर हुकलं म्हणून रडणाऱ्या पोरांना सांगायला याहून चांगली गोष्ट नाही. म्हणून ती ओळ तिथे आहे, शोभेसाठी नाही.

आता फीबद्दल. मी १९७२ मध्ये आलो तेव्हा 'टेक्निशे युनिव्हर्सिटेट' हे नाव लागून दोन वर्षं झाली होती, त्याआधी होखशूल, म्हणजे उच्च शिक्षणसंस्था. तेव्हा फी नव्हती. मग २००७ मध्ये बायर्नने (म्युनिक ज्यात येतं ते राज्य) सगळ्यांनाच लावली, जर्मन मुलांनासुद्धा, सेमिस्टरला ५०० युरोपर्यंत. २०१३ च्या जानेवारीत तिच्याविरुद्ध सह्या गोळा झाल्या. कागदावर घरबसल्या नाही, नगरपालिकेत जाऊन सही करायची, दोन आठवड्यांत. दहा टक्के मतदार लागत होते, चौदा टक्क्यांच्या वर आले. सरकारने मुकाट्याने फी मागे घेतली. आताची फी फक्त बाहेरून येणाऱ्यांना आहे, आणि त्यांना मत नाही. तेव्हा या वेळी रांगा लागतील अशी आशा कोणी धरू नये.

नाना

ओंकार, रात्री ११:२१

नाना, डिझेलची गोष्ट भारी आहे पण जागा खाते :)

मला वाटतं फीपेक्षा कॅम्पसचं आधी लिहा. टीयूएम म्हणजे म्युनिक असं धरून लोक येतात. मॅनेजमेंटच्या एका मित्राने म्युनिकच्या श्वाबिंगमध्ये खोली बघून ठेवली होती, ॲडव्हान्सही दिला असता. ऑफर लेटर नीट वाचलं तर कोर्स हायलब्रॉनचा! ते बायर्नमध्येसुद्धा नाही. श्ट्राउबिंगचा कॅम्पस बायर्नमध्ये आहे, पण म्युनिकमध्ये नाही. आणि ज्यांचं खरंच "म्युनिक" आहे त्यांचं बरंचसं शहराबाहेर गार्शिंगला: इन्फॉर्मॅटिक्स, गणित, फिजिक्स, मेकॅनिकल. म्हणजे यू-६ मेट्रो धरून शेवटच्या स्टेशनपर्यंत.

तिथे खोली शहरापेक्षा स्वस्त मिळेल असं कोणी समजू नये. वसतिगृहाच्या यादीत नाव ऑफर येताच घाला, कित्येक सेमिस्टर थांबावं लागतं. स्टुडेंटनश्टाट वसतिगृहातल्या शेकडो खोल्या २०२१ च्या आगीनंतर बंद पडल्या, त्याचा ताण अजून आहे.

विनय, रात्री ११:३०

वडे मागच्या वेळेइतके नकोत. मागच्या वेळी सात वाजता संपले आणि उशिरा आलेल्यांनी नुसती चटणी खाल्ली. गार्शिंगवाले नेहमीच उशिरा येतात.

ओंकार, रात्री ११:३३

यू-६ मध्येच थांबली होती, आम्ही काय करणार.

वैशाली, बुधवार सकाळी ६:५०

माफ करा, मी मध्येच घुसतेय. माझी मुलगी इथेच गिम्नाझियमला अकरावीत आहे, पासपोर्ट भारतीय. मकरंदचा मेल वाचून रात्रभर झोप नाही. तिलाही सेमिस्टरला तीन हजार? आम्ही इथे इतकी वर्षं टॅक्स भरतोय.

मकरंद, सकाळी ७:१५

वैशालीताई, नाही. इथल्या शाळेतून आबिटूर (म्हणजे इथली बारावी) केलेल्यांना ही फी नाही, पासपोर्ट कुठलाही असो. निश्चिंत झोपा. शुभदा, हेही चौकोनात हवं, मंडळातल्या निम्म्या घरांचा प्रश्न आहे. पीएचडीवाल्यांना नाही, आणि २०२४ च्या आधी त्याच कोर्सला नाव घातलेल्यांनाही नाही. काहींना गुणांवर किंवा घरच्या परिस्थितीवर माफी मिळते, पण तिच्या भरवशावर घर सोडू नये. नोकरीच्या भरवशावर तर नाहीच. वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं हे खरं, पण त्यातून म्युनिकचं भाडं निघालं तरी खूप झालं.

वैशाली, सकाळी ७:२०

जीव भांड्यात पडला. वड्यांच्या ऐवजी या वेळी मी साबुदाण्याची खिचडी करून आणू का? चतुर्थी आहे बहुतेक त्या दिवशी.

विनय, सकाळी ७:४४

खिचडी आणि वडे, दोन्ही.

फ्रायझिंगचा वाइहेनश्टेफान कॅम्पसही विसरू नका. १९३० पासून तो याच विद्यापीठात आहे. माझा भाचा तिथे ब्रुइंग, म्हणजे बीअर बनवणं शिकतोय. घरी काय सांगायचं यावर मोठी खलबतं झाली. शेवटी आजीला "अन्नतंत्रज्ञान" सांगितलं. ती साताऱ्यात सगळ्यांना सांगते, नातू जर्मनीत दुधाचं शिकतो. गेल्या मे महिन्यात त्याने सुट्टीत ब्रुअरीचा लोगो छापलेला टी-शर्ट घातला आणि आजीने तो धुऊन, इस्त्री करून, देवळात जाताना घालायला दिला.

अनुराधा, सकाळी ८:०२

नवीन सदस्य आहे, पहिलाच मेल. भाऊ पुण्यात शेवटच्या वर्षाला आहे, त्याला पुढच्या वर्षी इथे यायचंय. ७० टक्के आहेत. एजंट म्हणतो "२.८ होतात, टीयूएम विसरा". बरोबर आहे का?

ओंकार, सकाळी ८:२५

अनुराधाताई, एजंटला विचारा की त्याने पासिंग किती धरलं.

इथे गुण बदलायचं सूत्र आहे, बव्हेरियन फॉर्म्युला म्हणतात. सर्वाधिक गुणांतून आपले वजा करायचे, त्याला सर्वाधिक वजा पासिंगने भागायचं, तिनाने गुणायचं, एक मिळवायचा. कमी उत्तर चांगलं. ७० टक्के आणि पासिंग ४० असेल तर ३० भागिले ६०, गुणिले ३, अधिक १ = २.५. पासिंग ५० धरलं तर तेच ७० टक्के २.८ होतात. एवढा फरक! म्हणून कॉलेजकडून पासिंग किती याचं पत्र शिक्क्यानिशी आत्ताच घेऊन ठेवा, सुट्ट्या लागल्या की कारकून सापडत नाही. एपीएसचं (भारतातली कागदपत्रं तपासणारं जर्मन दूतावासाचं कार्यालय) प्रमाणपत्रही लागतं, २०२२ च्या नोव्हेंबरपासून भारतीयांना सक्तीचं आहे. तेही लवकर.

आणि नुसत्या गुणांवर नसतं. बऱ्याच मास्टर्सना स्वतःची छाननी आहे: कुठले विषय घेतलेत, इथल्या बॅचलरशी कितपत जुळतात, निबंध कसा लिहिलाय. माझ्या वर्गात ८५ टक्केवाल्याला नकार आणि ७२ वाल्याला प्रवेश, दोन्ही बघितलंय.

अनुराधा, सकाळी ८:३१

खूप धन्यवाद! पण मग एवढी फी भरून टीयूएमच का, फी नसलेल्या ठिकाणी का नाही? आई हेच विचारतेय.

ओंकार, सकाळी ८:५०

आईंचा प्रश्न अगदी रास्त आहे. मी २०२३ ला आलो म्हणून फीतून सुटलो. सहा हजार भरून आलो असतो का, सांगता येत नाही.

मला मिळालं ते सांगतो. मास्टर्सचे बरेच कोर्स इंग्रजीत, त्यामुळे पहिल्या दिवसापासून शिकता येतं (जर्मन मात्र शिकाच, इंटर्नशिपच्या वेळी कळतं). गार्शिंगला एका थांब्याच्या परिसरात युनिव्हर्सिटी, माक्स प्लांकच्या संस्था, युरोपच्या दुर्बिणींचं मुख्यालय, सुपरकॉम्प्युटर, आणि ते 'आटोमआय', अंड्याच्या आकाराची जर्मनीची पहिली अणुभट्टी, १९५७ ची. गावाच्या चिन्हातही ते अंडं आहे. थीसिस कुठे करायचा म्हटलं की सायकलवर दहा मिनिटांत चार दारं ठोठावता येतात. गावात बीएमडब्ल्यू, सीमेन्स आहेतच. वर्गात चाळीस टक्क्यांच्या वर परदेशी मुलं, आपण एकटे वाटत नाही. उलट कधी कधी वाटतं जर्मन मुलं कुठे गेली.

आणि गणिताच्या इमारतीतली घसरगुंडी. तिसऱ्या मजल्यावरून थेट तळमजल्यापर्यंत, पॅराबोला. खाली बसायला चटई घ्यायची, जीन्सवर गेलात तर अर्ध्यात अडकता आणि वरून पुढचा येऊन आदळतो.

प्राजक्ता, सकाळी ९:०५

घसरगुंडीसाठी २४,०००.

नाना, सकाळी ९:४०

प्राजक्ता, टोमणा पोचला. पण अनुराधाच्या आईंना मी वेगळं सांगेन. मुलाला नेमकं काय शिकायचंय ते आधी ठरवा आणि तो विषय कुठे चांगला आहे ते बघा. नावासाठी येऊ नये. आमच्या वेळी इथे भारतीय मुलगा दिसला की रस्ता ओलांडून बोलायला जायचो. आता जर्मनीत परदेशी विद्यार्थ्यांत सर्वांत जास्त आपलेच आहेत. तरी एकट्याने तापाने फणफणणारी पोरं मला दर हिवाळ्यात भेटतात. पत्रकावर दवाखान्याचा नंबर आहे ना? तो कोणी काढू नये.

शुभदा, सकाळी ११:१५

ऐका सगळे. मी ऑफिसमधून लिहितेय, थोडक्यात सांगते.

चौकोन आता असा: "टीयूएम: २०२४-२५ पासून युरोपीय संघाबाहेरून नव्याने येणाऱ्यांना फी. बॅचलर २,००० ते ३,०००, मास्टर्स बहुधा ४,००० ते ६,००० युरो, दर सेमिस्टर. इथे आबिटूर केलेल्यांना, पीएचडीला नाही. एलएमयूत ही फी नाही. व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ वेगळे. आपला कॅम्पस कोणता ते ऑफर लेटरवर बघा." पीडीएफवर वर तारीख ठळक टाकतेय, म्हणजे जुनी कुठली ते कळेल.

जागेसाठी नकाशा काढला. यू-६ सगळ्यांच्या फोनवर आहे. डिझेल राहिला आहे, नाना. लिंडे आणि ब्रुअरी गेली.

प्राजक्ता, एलएमयूला अर्धं पान हवं असेल तर मजकूर एक वाजेपर्यंत पाठव. "पाठवते" असं उत्तर नको, मजकूरच पाठव.

नाना, सकाळी ११:२२

लिंडेशिवाय डिझेल कसा समजणार? त्याचा गुरू होता तो.

विनय, सकाळी ११:२६

ब्रुअरी काढली ते बरं झालं. पीडीएफ साताऱ्यालाही जातं.

प्राजक्ता, दुपारी १२:५८

मजकूर जोडलाय. अर्ध्या पानापेक्षा चार ओळी जास्त झाल्यात.