ऑक्टोबरात आक्षीला एक दिवस: पक्षी, चतुर आणि अळंबी एकत्र जमतील का?

प्रश्न
ऑक्टोबरअखेर अलिबागजवळच्या आक्षीला चौघे जाणार आहोत. किनाऱ्यावरचे पक्षी, चतुर आणि अळंबी एका दिवसात बघून होतील का? दुर्बीण ८×४२ (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) आहे. किती वाजता पोचावं?

प्रतिसाद १
होतील, पण दिवस तिथी बघून ठरवा. कोळ्यांचा हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. द्वादशीला बाराची पाऊणपट, म्हणजे नऊ. ओहोटीला पाणी लांब जातं, तुतारी-चिखल्या (ओल्या वाळूत, चिखलात चरणारे छोटे पक्षी) त्यामागे पांगतात आणि दुर्बिणीत नुसते ठिपके उरतात. भरती चढली की तेच पक्षी वरच्या वाळूत दाटीनं येऊन बसतात. म्हणून त्या दिवशी सातला पोचा, सकाळी ऊन पाठीशी असतं. संध्याकाळी सूर्य समोर, मग सगळेच पक्षी काळे.

पक्ष्यांकडे सरळ चालत जाऊ नका, तिरके जा. चरणं थांबवून पक्ष्यांनी माना वर केल्या की तिथंच थांबा. लांबचा पल्ला उडून आलेले असतात ते. दरवेळी उठवलं की साठवलेली चरबी खर्ची पडते.

प्रतिसाद २
पाऊणपटीचा हिशेब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. मुंबईचं भरतीचं वेळापत्रक ताडून बघाच.

छोट्या चिखल्यांत घोटाळा होतो. मानेमागून पांढरा पट्टा पूर्ण फिरला असेल तर बहुधा केंटिश प्लोव्हर. मान मागून तपकिरी असेल तर सॅन्ड प्लोव्हर. पायांच्या रंगावर जाऊ नका, चिखलानं फसगत होते.

प्रतिसाद ३
दहानंतर किडे. थव्यानं घिरट्या घालणारे पिवळसर चतुर बहुधा ‘पँटाला’ नावाचे, ते दिवसा क्वचितच बसतात. ओल्या वाळूवर टायगर बीटल (शिकारी भुंगेरा) बघा: धावतो, थबकतो, पुन्हा धावतो. वेगात त्याला नीट दिसत नाही, म्हणून भक्ष्य हेरायला थांबावं लागतं. तो थांबला की फोटो काढा.

दुपारी सावलीत अळंबी. मऊ छत्र्या तोवर वाळलेल्या असतात, त्यामुळे लाकडावरची शोधा. आंब्याच्या सुकल्या फांदीवर नखाएवढे पांढुरके, केसाळ पंखे दिसले तर खाली छोटा आरसा धरा, तोडू नका. पंख्याखालच्या पट्ट्या कडेला उभ्या चिरलेल्या असतात आणि कोरड्यात आत वळतात. पाणी शिंपडलं तर काही तासांत पुन्हा उघडतात. नारळाच्या बुंध्याशी लाखेसारखी चकाकणारी, तपकिरी भुकटी पडलेली अळंबी दिसली तर वाडीवाल्याला जरूर सांगा. ती गॅनोडर्मा असू शकते, मुळं कुजवते.

प्रतिसाद १
राहिलंच: दुर्बिणीच्या काचेवर खारं बसतं. कोरड्या फडक्यानं पुसलंत तर चरे पडतील. आधी फुंकणीनं वाळू उडवा, मग गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्यानं टिपा.